आंदण दिलेली भूमि

आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें. धाकट्यानें थोरल्याच्या कपाटावर हक्क सांगितला, किंवा शेजाऱ्यानें सामाईक ओट्यावर बिनदिक्कत आपला पसारा मांडला, कीं कोणी तरी फणकाऱ्यानें विचारतें, "हें काय तुला आंदण दिलें आहे?" विचारणाराच्या मनांत राग असतो हें खरें; पण त्या रागाच्या तळाशीं एक नीतिविचार असतो. आंदण द्यावयाची वस्तु देणाराच्या मालकीची असावी लागते, आणि ती त्यानें राजीखुशीनें दिलेली असावी लागते, हें धर्मशास्त्राचें एक पानहि न उलटलेल्या माणसास पक्कें ठाऊक असतें. शेजाऱ्याची गाय आपल्या मुलीला आंदण देणारा बाप कोणी पाहिला आहे काय? आणि तरीहि ज्या महानगराच्या समोरच्या किनाऱ्यावर आम्ही नवी मुंबईकर राहतों, तें महानगर अगदीं शब्दशः आंदण म्हणून एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे गेलेलें आहे. शाळेंत ही हकीकत आपण एक गंमत म्हणून शिकतों आणि परीक्षेनंतर विसरून जातों. परंतु तिच्यांत एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो अद्याप जुना झालेला नाहीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

हकीकत थोडक्यांत अशी. इ. स. १६६१ मध्यें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रागांझा यांच्या विवाहाचा करार झाला. त्या करारान्वयें वीस लक्ष क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील टँजिअर शहर आणि मुंबईचें बेट हें सर्व वधूपक्षानें वरास देऊं केलें. देणाऱ्या राजानें मुंबई पाहिलेली नव्हती. घेणारानेंहि ती कधीं पाहिली नाहीं. बेटाचा प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडावें लागलें. कारण गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रो यानें शक्य तितकी टाळाटाळ केली. मुंबई घेण्यास आलेला सर अब्राहम शिपमन तर वाट पाहतां पाहतां अंजदीव बेटावर मरण पावला, आणि त्याचे बहुतेक शिपाईहि तेथेंच दगावले. नवऱ्या मुलाला या देणगीचें फारसें कौतुक नव्हतें. १६६८ सालीं त्यानें तें बेट वर्षाला दहा पौंड सोन्याच्या नाण्यांत घेण्याच्या बोलीनें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें.

आतां या दात्याकडे ही वस्तु आली कशी, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १४९३ मध्यें पोप सहाव्या अलेक्झांडरनें अटलांटिक महासागरांतून एक रेघ ओढून पलीकडच्या नव्या भूमींवर स्पेनचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षीं तोर्देसिल्यासच्या तहानें ती रेघ केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर सरकविण्यांत आली, आणि पूर्वेकडचा भाग पोर्तुगालच्या वांट्यास गेला. वास्को द गामा कालिकतला पोंचला तो त्यानंतर चार वर्षांनीं, म्हणजे १४९८ सालीं. वांटणी आधीं आणि ओळख मागाहून, असा हा क्रम होता. १५३४ मध्यें गुजरातचा सुलतान बहादुरशहा हुमायूनच्या भीतीनें मदतीसाठीं पोर्तुगिजांकडे वळला, आणि त्यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख त्यांस तोडून दिला. त्या मुलुखांत मुंबईचीं बेटें होतीं. गुजरातच्या सुलतानांनीं तरी तीं कोणाकडून आणि कोणाच्या संमतीनें मिळविलीं होतीं, हा प्रश्न तेथें कोणीं विचारला नाहीं. अशा रीतीनें एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणाऱ्या या वस्तूवर कोळी, भंडारी, आगरी, कुणबी, पाठारे प्रभु आणि नव्यानें ख्रिस्ती झालेलीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतीं.

रहिवाशांची आठवण त्या विवाहकरारांत अगदींच नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांना बेटावर राहण्याची व आपला कॅथॉलिक धर्म पाळण्याची मोकळीक असावी, असें एक कलम त्यांत होतें. परंतु घर विकतांना "भाडेकऱ्यांस लगेच काढूं नका" अशी अट घालणें वेगळें, आणि त्यांना विचारणें वेगळें. मेलो इ कास्त्रोनें आपल्या राजाला जें प्रसिद्ध पत्र पाठविलें, त्यांत इंग्रज मुंबईस स्थायिक होतील त्या दिवशीं हिंदुस्थान हातचा गेला असें समजावें, असा इशारा होता. इतिहासकार त्याच्या दूरदृष्टीची वाखाणणी करतात आणि ती योग्यच आहे. तथापि त्याचें दुःख कोणतें होतें हेंहि पाहावें. भूमि तेथील माणसांच्या हातून गेल्याचें तें दुःख नव्हतें. ती आपल्या हातून जात असल्याचें होतें.

येथें एक आक्षेप ठेवलेलाच असतो. "त्या काळाची रीतच तशी होती," असें सुशिक्षित माणूस म्हणतो; "आजची फूटपट्टी घेऊन सतराव्या शतकाची उंची मोजणें हा इतिहासाचा विपर्यास आहे." हा आक्षेप वजनदार आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं तो खराहि असतो. आपल्या आज्याच्या वैद्यकास आजचें जंतुशास्त्र माहीत नव्हतें म्हणून त्याला कोणी दोष देत नाहीं. परंतु आपण येथें जी फूटपट्टी लावीत आहों ती खरोखरच आजची आहे काय?

१५३९ सालीं सालामांका येथील विद्यापीठांत फ्रान्सिस्को द व्हितोरिया या धर्मोपदेशक अध्यापकानें नव्या जगांतील लोकांविषयीं व्याख्यान दिलें. तो स्वतः स्पेनच्या राजाचा प्रजाजन आणि पोपच्या पंथाचा साधु. तरीहि त्यानें स्पष्ट प्रतिपादिलें कीं, पोप हा सगळ्या जगाचा ऐहिक स्वामी नाहीं, म्हणून तो जग कोणास देऊंहि शकत नाहीं. आणि तेथील लोक ख्रिस्ती नसले तरी आपल्या भूमीचे ते खरे धनी आहेत. पुढें १६०९ मध्यें ह्यूगो ग्रोशियस या डच विद्वानानें समुद्राच्या मोकळीकीवर आपला ग्रंथ लिहिला, त्यांतहि पोपच्या देणगीवर हाच आक्षेप आहे: जें आपलें नाहीं तें देतां येत नाहीं. ग्रोशियसचा ग्रंथ डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हितासाठीं लिहिला गेला होता, आणि त्याच कंपनीनें पुढें जावा-मलुकूच्या लोकांस काय भोगावयास लावलें तें जगजाहीर आहे. तत्त्व ठाऊक नव्हतें असें नाहीं. तें प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वापरण्यापुरतें ठाऊक होतें.

आपल्याकडेहि हा विचार अपरिचित नव्हता. विश्वजित् यज्ञांत यजमानानें सर्वस्व दान करावयाचें असतें. मग सार्वभौम राजानें हा यज्ञ केला तर त्यानें पृथ्वीहि दान द्यावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायांत येतो. उत्तर नकारार्थी आहे. भूमि सर्वांना सारखीच असल्यामुळें ती दानाचा विषय होऊं शकत नाहीं. राजा तिचें रक्षण करतो, त्याबद्दल उत्पन्नाचा भाग घेतो, पण तो तिचा मालक नव्हे. हा निव्वळ याज्ञिकांचा काथ्याकूट राहिला नाहीं. मूळच्या पैठणच्या आणि काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टानें सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'व्यवहारमयूख' लिहिला, त्यांत या सूत्राचा आधार घेऊन त्यानें म्हटलें आहे कीं, देश जिंकल्यानें जेत्यास जित राजाची खासगी मिळकत आणि कर घेण्याचा अधिकार मिळतो; परंतु शेताभातावरचें स्वामित्व ज्याचें त्याचें कायम राहतें. हाच ग्रंथ पुढें मुंबईच्या न्यायालयांत हिंदु कायद्याचा प्रमाणग्रंथ मानला गेला. म्हणजे ज्या शतकांत मुंबई आंदण गेली त्याच शतकांत एका महाराष्ट्रीय पंडितानें असें आंदण देतां येत नाहीं हें लिहून ठेविलें होतें. फूटपट्टी आजची नव्हे. ती त्याच घरांत भिंतीला टांगलेली होती. कोणीं ती खालीं काढली नाहीं, इतकेंच.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. "सगळी पृथ्वी कोणी ना कोणी कोणापासून घेतलेलीच आहे. मागें मागें जात राहिलें तर शेवट कोठें? आणि आपण स्वतः काय केलें?" हा प्रश्न टाळण्यांत प्रामाणिकपणा नाहीं. १७३७ त मराठ्यांनीं साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. त्या विजयाचा अभिमान आम्हांस आजहि वाटतो. आमच्या बेलापूरच्या टेकाडावर एका किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. तेथें सिद्दी नांदले, पोर्तुगीज नांदले, मराठे नांदले, आणि १८१७ सालीं इंग्रज आले. प्रत्येकानें बुरूज डागडुजी करून घेतले, आणि प्रत्येकानें खालच्या खाडीवरून जाणाऱ्या गलबतांकडे वसुलीच्या नजरेनें पाहिलें. आपल्या माणसाचें राज्य आणि परक्याचें राज्य यांत प्रजेला फरक पडतो हें मी नाकारीत नाहीं. धर्मछळापासून झालेली सुटका ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु राज्य कोणाचें हा एक प्रश्न, आणि शेत कोणाचें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर तलवारीनें बदलतें. दुसऱ्याचें बदलूं नये, असें नीलकंठाचें सांगणें. आणि हा भेद ध्यानीं धरला म्हणजे "मागें मागें कोठवर जावयाचें" या प्रश्नाची धार पुष्कळ बोथट होते. आदिपुरुषापर्यंत जाण्याचें कारणच उरत नाहीं. आज ही भूमि कोण कसतो, कोण तिच्यावर जगतो, आणि त्याला कोणीं विचारलें आहे काय, एवढें पाहिलें कीं पुरे.

गंमत अशी कीं, आंदण घेणारासहि शेवटीं हें पाहावेंच लागलें. बेट मिळालें, पण जमिनींच्या मालकीचे तंटे मिटेनात. कोणाची जमीन सरकारजमा करावयाची आणि कोणाची नाहीं, यावरून पेठेंत अस्वस्थता माजली. तेव्हां गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यानें १६७२ मध्यें रहिवाशांचे प्रमुख बोलावून त्यांच्याशीं करार केला: जमीनधारकांनीं मिळून दरसाल वीस हजार शेराफीन द्यावे आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे निर्वेध राहाव्या. हा करार म्हणजे कांहीं आदर्श न्याय नव्हे. त्यांत कंपनीचा हिशेब होता, आणि बोलावलेले प्रमुख म्हणजे बेटावरचीं सगळींच माणसें नव्हत. तथापि दोन राजांच्या सहीशिक्क्यानें जें पूर्ण झालें नव्हतें, तें रहिवाशांच्या रुकाराशिवाय पूर्ण होणार नाहीं, ही कबुली त्यांत आहे. मुंबईची भरभराट विवाहाच्या करारापासून मोजण्याची आपली चाल आहे. ती या दुसऱ्या करारापासून मोजणें मला अधिक न्याय्य वाटतें.

आतां खाडीच्या या बाजूस येतों. १९७० च्या मार्च महिन्यांत सिडकोची स्थापना झाली, आणि तेव्हांच्या ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या शहराकरितां संपादण्याचें ठरलें. याला आंदण म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, आणि तशी तुलना मी करीत नाहीं. येथें लोकनियुक्त सरकार होतें, कायदा होता, मोबदला होता, आणि दाटीनें गुदमरलेल्या मुंबईला वाट करून देण्याचा हेतु खरोखरच सार्वजनिक होता. हे भेद क्षुल्लक नव्हत. पण मनुष्याच्या मनाची एक खोड मात्र तीच होती. नकाशा पुढें पसरला कीं रेघेच्या आंतली भूमि मोकळी दिसूं लागते. आम्ही सुशिक्षित मंडळी आजहि सहज बोलून जातों कीं, "येथें काय होतें? नुसती दलदल आणि खाजण. शहर आम्हीं वसविलें."

माझ्या बिऱ्हाडाजवळ एक लहानशी बाग आहे. तेथें संध्याकाळीं येऊन बसणाऱ्या एका वृद्ध आगरी गृहस्थांशीं माझी ओळख झाली. मीं एकदां त्यांना विचारलें, "बाबा, तुमचें गांव कोणतें?" ते हंसले आणि काठीनें आमच्या इमारतीकडे बोट दाखवावें तसें करून म्हणाले, "गाव ह्योच. तुमची बिल्डिंग हाय ना, तिचे खाली आमची खार व्हती." मग त्यांनीं ती खार मला समजावून सांगितली. भरतीचें पाणी अडविण्यासाठीं चिखलमातीचे बांध कसे घालीत, पावसाचें पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठीं उघाडी कशी ठेवीत, कोणत्या उधाणाला सगळा गांव रात्रींचा कुदळी घेऊन बांधावर धांवे, आणि त्या खाऱ्या मातींत राता भात कसा तग धरी. बांध एकदां फुटला तर तीन वर्षें पीक नाहीं, असें ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. शेत चांगलें होतें हें कोणाला तरी सांगावें इतकीच इच्छा होती.

त्या संध्याकाळीं मला माझें अज्ञान कळलें. ज्याला आम्ही दलदल म्हणत होतों ती समुद्रापासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं मिळविलेली भूमि होती. आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच त्या जातीचें नांव पडलें. मीठ आणि भात हीं दोन्ही समुद्राशीं रोजची झुंज घेऊन काढणाऱ्या लोकांचा त्या मातीवरचा हक्क हा नुसत्या वहिवाटीचा हक्क नव्हे. ती माती त्यांनीं अक्षरशः घडविलेली आहे. पोपची रेघ महासागरांतून गेली, पण तिनें समुद्र तसूभरहि मागें हटला नाहीं. या लोकांनीं मात्र तो हटविला होता, आणि त्याची नोंद कोणत्याहि तहांत नाहीं.

पुढचा इतिहास अनेकांच्या आठवणींतला आहे. मोबदला अपुरा आहे आणि उदरनिर्वाहाचें साधन कायमचें जात आहे, म्हणून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उभे राहिले. १९८४ च्या जानेवारींत, १६ व १७ तारखांस, उरण तालुक्यांत जासईच्या परिसरांत आंदोलनावर गोळीबार झाला आणि पांच जण मृत्युमुखीं पडले. त्यानंतर संपादिलेल्या जमिनीच्या मोबदल्यांत साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांस परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. ऑन्जिअरच्या करारासारखेंच हें झालें. विचारणें मागाहून आलें. आणि या खेपेस मध्यें पांच माणसांचे जीव गेले. तीच गोष्ट आधीं झाली असती तर? राज्यशास्त्राचे जाणकार म्हणतील कीं, सगळ्यांना विचारीत बसलें तर कोणतेंहि मोठें सार्वजनिक काम होणार नाहीं. असेल तसें. परंतु ज्याला शेवटीं विचारावेंच लागतें त्याला आरंभींच विचारण्यांत वेळ जातो, असें म्हणणारानें मधल्या वर्षांचाहि हिशेब द्यावा.

आतां माझ्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतों, कारण दुसऱ्यांचा न्याय करून लेख संपविणें फार सोपें आहे. मीं कोणाची जमीन घेतली नाहीं. घराची किंमत मीं पै न् पै मोजली, आणि माझे कागद स्वच्छ आहेत. असें असतां त्या वृद्धापुढें मला अवघडल्यासारखें कां वाटावें? पुष्कळ दिवस मी या भावनेला हळवेपणा समजत होतों. विचारांतीं मला वाटूं लागलें कीं, अपराध आणि ऋण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या परंपरेनें हा भेद फार पूर्वीं केलेला आहे. ऋण मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. तें त्याच्या हातून घडलेल्या पापाचें फळ नसतें. देवाचें, ऋषींचें, पितरांचें ऋण जसें न मागतां अंगावर येतें, तसेंच ज्यांनीं भूमि घडविली त्यांचेंहि येतें. अपराध नाहीं म्हणून ऋण नाहीं असें होत नाहीं. अपराधी माणूस शिक्षा भोगून मोकळा होतो. ऋणकऱ्यास मात्र फेडीत राहावें लागतें.

हें ऋण कसें फेडावें, याचें मोठें उत्तर माझ्याजवळ नाहीं. जुनें शेत परत येणार नाहीं, आणि तें यावें म्हणून लाखों संसार उठवावे असें कोणी म्हणणारहि नाहीं. जें हातचें आहे तें लहान आहे. "येथें कांहीं नव्हतें" हें वाक्य तोंडांतून काढूं नये. गांवठाणांतल्या जत्रेला, घराला, बोलीला आपल्या सुबक वसाहतींतील डाग समजूं नये. मूळ रहिवाशांच्या मुलांना मिळालेल्या भूखंडाकडे मत्सरानें बोट दाखविण्यापूर्वीं तो कशाच्या बदल्यांत मिळाला हें आठवावें. आणि उद्यां आणखी कोठें एखादी नवी रेघ ओढली जाईल, तिच्यांत आपला फायदा असेल, तेव्हां तिच्या आंत राहणाऱ्यांना कोणीं विचारलें आहे काय, हा प्रश्न आपण, म्हणजे फायदा होणारांनीं, विचारावा. ज्याचें जावयाचें असतें तो विचारतोच. त्याच्या विचारण्यास स्वार्थ म्हणतात. ज्याला मिळावयाचें आहे त्यानें विचारलें तर त्याला नीति म्हणतां येईल.

परवां ते वृद्ध गृहस्थ बऱ्याच दिवसांनीं बागेंत भेटले. सोबत त्यांचा नातू होता. तो माझ्या नातवाबरोबर घसरगुंडीवर खेळूं लागला. थोड्याच वेळांत त्या दोघांत पाळी कोणाची यावरून भांडण जुंपलें, आणि माझा नातू ऐटींत ओरडला, "ही काय तुला आंदण दिली आहे?" आम्हीं दोघां म्हाताऱ्यांनीं एकमेकांकडे पाहिलें. ते मोठ्यानें हंसले. मीहि हंसलों, पण मुलाला जवळ बोलावून पाळी आधीं कोणाची होती हें विचारून घेतलें.